दोरीवरचा डबा

शाळेला जिल्ह्याकडून टेपरेकॉर्डर मिळाला त्या दिवशी मोठ्या गुरुजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि तोवर कशालाही तडा जाऊ नये एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं. त्यांच्या पत्नीने यंत्राला जुन्या साडीचा अभ्रा शिवून दिला. कोणी साहेब तपासणीला आले की अभ्रा निघायचा, सोबत आलेल्या कॅसेटवरची एक कविता वाजायची, मुलं टाळ्या वाजवायची आणि परत कुलूप. वापरली नाही तर वस्तू बिघडत नाही, हे आमच्या खात्यात माणूस पहिल्याच वर्षी शिकतो.

मी तिथे १९९८च्या जूनमध्ये रुजू झाले. पावस ओलांडून खाडीच्या आतल्या अंगाला गेलं की ते गाव लागतं. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, शिक्षक दोनच, गुरुजी आणि मी. गावाची एक वाडी पऱ्याच्या पलीकडे होती. पऱ्या म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात गुरांचेही पाय भिजत नाहीत, पण पावसाळ्यात वरच्या डोंगरावर सर आली की तासाभरात लाल पाणी छातीवर येतं. त्यावर साकव होता म्हणायला. माडाचे दोन ओंडके आणि धरायला एक बांबू. तो दर पावसाळ्यात वाहून जायचा आणि वाडीतले पुरुष दिवाळीनंतर नवा घालायचे. मधले महिने वाडीतली मुलं घरी. डोंगराच्या अंगाने वळसा घालून यायला मोठ्या माणसाचा अर्धा दिवस मोडायचा, तिथे मुलांची काय कथा! सिमेंटच्या साकवाचा अर्ज तालुक्याला पडून होता. माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा तो अर्ज वयाने मोठा होता.

त्या वाडीतली एक मुलगी तेव्हा दुसरीत होती. काळीसावळी, पुढचे दोन दात पडलेले, आणि तोंड म्हणाल तर क्षणभर मिटत नसे. तिला वाचायचं वेड होतं. दिसेल ते वाचत सुटायची. बिस्किटाचा पुडा, भिंतीवरची खताची जाहिरात, माझ्या पिशवीवरचं दुकानाचं नाव. एकदा सहलीला एस.टी.ने निघालो तर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी ती ओरडून वाचत होती आणि कंडक्टर वैतागून म्हणाला, ‘‘बाई, हिला आमच्यात भरती करा.’’ त्या वाडीतली एकही मुलगी तोवर हायस्कूलची पायरी चढली नव्हती. हिला मी चढवणार, असं मी मनाशी पक्कं केलं. तिच्या आईला बोलावून सांगितलंही, की चौथी होऊ दे, पाचवीला पावसला घालू, वाटलं तर माझ्या खोलीवर राहील. आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरायची. बाप ट्रॉलरवर खलाशी, घरी असला तर असला. ती म्हणाली, ‘‘शिकू दे की. मी कुठं नको म्हनते?’’ आणि खरंच ती नको म्हणत नव्हती.

पहिला पावसाळा मी नुसती चडफडत काढला. हजेरीपटावर त्या मुलांच्या नावापुढे गैरहजेरीच्या फुल्या मारून मारून हात दुखला. गुरुजी म्हणायचे, ‘‘बाई, पऱ्यावर का रागावता? तो आपल्या आधीपासून आहे.’’

कल्पना माझी नव्हे. लोकांनी नंतर माझे सत्कार केले, पण ती त्याच वाडीतल्या एका भाभींची. त्यांचे यजमान कुवेतला होते. त्यांच्याकडचा टेप आमच्या कपाटातल्या टेपापेक्षा दुप्पट मोठा होता, आणि तो रोज चालायचा. वाडीतल्या ज्या चार-पाच घरांतले पुरुष आखातात होते, तिथे पत्रं कमीच लिहीत. कॅसेट भरून पाठवायची रीत होती. इकडून सासू, बायको, मुलं पाळीपाळीने बोलायची. कोंबडा आरवला तर तोही भरला जायचा. गावचं कोणी सुट्टी संपवून परत निघालं की त्याच्या बॅगेत आंब्याच्या वड्यांबरोबर ही कॅसेट. तिकडून महिन्या-दोन महिन्यांनी उत्तराची कॅसेट यायची. पहिल्या हिवाळ्यात मी वाडीत मुलांची चौकशी करायला गेले तेव्हा भाभींनी चहा दिला आणि सहज म्हणाल्या, ‘‘बाई, तुमी धडा भरून द्या ना. आमचा कारभार सगला यातच चालतो.’’

मी इतकी खूश झाले की पुढचं त्यांचं बोलणं नीट ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, हसले, आणि सोडून दिलं. त्या सांगत होत्या, ‘‘माझा धाकटा या टेपाला अब्बा म्हनायचा. ते दोन वर्सांनी आले, दारात उभे राह्यले, तर हा पलत जाऊन टेपाला चिकटून बसला. सगले हसले. मी पन हसले. ते मात्र जेवले नाय.’’

गुरुजींकडून कपाटाची किल्ली काढून घ्यायला मला एक पूर्ण उन्हाळा लागला. शेवटी मी सांगितलं की बिघडला तर माझ्या पगारातून कापा, तेव्हा अभ्रा निघाला. पुढच्या पावसाळ्यात शाळा सुटल्यावर मी दारं-खिडक्या लावून बसायचे आणि एकटीच तिसरीचा धडा शिकवायचे. समोर रिकामे बाक. सुरुवातीला लाज वाटायची. कौलांवर पाऊस इतका वाजायचा की ओरडून बोलावं लागे, आणि मला तेव्हा सततचा खोकला होता, तोही भरला जायचा. ‘‘आता वह्या उघडा,’’ मी म्हणायचे, मग खोकायचे, मग म्हणायचे, ‘‘लिहा.’’ आणि मुलं लिहितायत असं समजून थोडा वेळ गप्प बसायचे. त्या गप्प वेळात टेपाची चाकं नुसती फिरत असायची.

कॅसेट पलीकडे न्यायची कशी, हा प्रश्न वाडीतल्या पुरुषांनी सोडवला. दोन्ही काठांवरच्या झाडांना त्यांनी जाळ्याची नायलॉनची दोरी दुहेरी फिरवून बांधली आणि तिला एक झाकणाचा डबा अडकवला. अलीकडून खालची दोरी ओढली की डबा पलीकडे जातो, पलीकडून ओढली की परत येतो. खाली लाल पाणी घोंघावत जातंय आणि वरून माझा धडा डुलत डुलत चालला आहे, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काठावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. पलीकडून मुलं नाचत होती. खोटं कशाला सांगू, तेवढा आनंद मला नोकरीत पुन्हा कधी झाला नाही.

भाभींच्या पडवीत शाळा भरायची. वीज नसली तर सेलवर. सेल उतरले की मुलं ते चुलीच्या वैलाशी शेकत ठेवायची. कॅसेटची दुसरी बाजू मुलांची, असं मी ठरवून दिलं होतं. त्यात ती उत्तरं भरून पाठवायची, आणि ती मुलगी तिथली सूत्रधार झाली. रेडिओवरच्या बाईसारखा आवाज काढून म्हणायची, ‘‘नमस्कार बाई. आता प्रश्न पहिला.’’ मग मागून भांडण ऐकू यायचं, कोणाचा नंबर आधी म्हणून, आणि तिने कोणाला तरी हाणलेली थाप. मी घरी स्वयंपाक करता करता ते ऐकायचे आणि एकटीच हसायचे.

कोणीतरी रत्नागिरीच्या पेपरवाल्याला सांगितलं. डब्याचा फोटो छापून आला. मग साहेब लोकांची रीघ लागली. चकचकीत बूट चिखलात रुतवत ते पऱ्यापर्यंत यायचे, डबा एकदा पाठवून बघायचे, एकदा परत आणून बघायचे, आणि फोटो काढायचे. पलीकडे कोणी गेलं नाही. जाणार कसे? साकव नव्हता ना! तालुक्याला माझा सत्कार झाला, शाल, श्रीफळ आणि कोणी न वाचलेलं मानपत्र. मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं, की अडचणीवर रडत न बसता तंत्रज्ञानाने मात कशी करावी हे या भगिनीकडून शिकावं. मी खाली उतरताना म्हटलं, ‘‘साहेब, त्या साकवाचं तेवढं बघा.’’ ते प्रेमाने हसले. ‘‘अहो, आता साकव कशाला? तुम्ही तर शाळाच पलीकडे नेलीत.’’

मला वाटलं थट्टा केली. ती थट्टा नव्हती. त्या हिवाळ्यात वाडीतले चौघे अर्जाची चौकशी करायला गेले तेव्हा कारकुनाने त्यांना कात्रण दाखवलं. मुलांचं शिक्षण सुरळीत चालू आहे, पेपरातच आलंय, तेव्हा तुमच्यापेक्षा नडलेल्या वाड्या आधी. माझ्या डब्याच्या फोटोने त्यांचा साकव खाल्ला. त्या चौघांतल्या एकाने मला फक्त विचारलं, ‘‘बाई, तो फोटो परत घेता येतो काय?’’

दिवाळीनंतर लाकडी साकव घातला की मुलं शाळेत यायची, तशी ती आली. ती मुलगी मात्र आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी यायची. विचारलं की म्हणायची, ‘‘कॅसेट ऐकते मी जुनी.’’ पुढच्या वर्षी ती चौथीत गेली. पावसाळा तसाच डब्यावर निघाला. दिवाळी झाली, नवा साकव घातला, तिच्या वाडीतली बाकीची मुलं आली, आणि ती आली नाही. कोणी म्हणालं भाऊ झालाय, त्याला सांभाळते. कोणी म्हणालं येईल. मी वाट पाहिली. स्कॉलरशिपची परीक्षा फेब्रुवारीत होती आणि माझ्या वर्गातून त्या परीक्षेला बसवण्यासारखी ती एकटीच होती.

शेवटी एका दुपारी शाळा गुरुजींवर सोपवून मी साकव ओलांडला. भाभींच्या घराजवळ पोचले आणि जागीच थांबले. आतून माझाच आवाज येत होता. मी आत चौथीचा भूगोल शिकवत होते.

पडवीत पाच-सहा बायका आणि तीन मुली गोल करून बसल्या होत्या. मधे भाजलेल्या काजूबियांचा ढीग. वरच्या गावातला कारखानदार पोती पाठवायचा आणि बायका फोडून गर काढून द्यायच्या. बियांच्या तेलाने बोटं भाजतात म्हणून सगळ्यांनी हाताला राख चोपडली होती. ती मुलगी मांडी घालून बसली होती, मांडीवर भाऊ झोपलेला, आणि दगडावर बी ठेवून एक टोला, गर सुपात, की दुसरी बी. ‘‘आता वह्या उघडा,’’ टेपातली मी म्हणाले आणि खोकले. ती मुलगीही, मान वर न करता, तशीच खोकली. ‘‘लिहा,’’ मी म्हणाले. ‘‘लिहा,’’ ती म्हणाली. मग टेपात तो गप्प वेळ आला आणि पडवीत नुसते टोले ऐकू येत राहिले. वही कोणाकडेच नव्हती.

मला पाहून ती उठायला गेली, तर भाऊ रडायला लागला. तिची आई कौतुकाने म्हणाली, ‘‘बाई, काय पन इचारा तिला. तुमचा एक सबुद चुकवत नाय.’’ मी विचारलं. तिने घडाघडा सांगितलं. नद्या, घाट, बंदरं, मी ज्या क्रमाने सांगितली त्याच क्रमाने, आणि मी एका जागी चुकून ‘‘नाही नाही, थांबा’’ म्हटलं होतं तेही. मी पिशवीतून कागद-पेन्सिल काढली आणि म्हटलं, यातलं एक वाक्य लिहून दाखव. तिने हात फ्रॉकला पुसले. बोटांची टोकं काळी पडून सोलली होती. पेन्सिल तिला धरवेना. दोन अक्षरं काढली, तिसऱ्याला अडली आणि माझ्याकडे बघून हसली.

‘‘वहिनी, हिला शाळेत पाठवा,’’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ‘‘आता साकव आहे ना!’’

‘‘साकव हाय, पन दिवस कुठं हाय?’’ आई म्हणाली. ती भांडत नव्हती, मला समजावत होती. ‘‘ती शालंत गेली तर ह्याला कोन घेनार नि बिया कोन फोडनार? हितं दोन्ही व्हतं. तुमीच तर शाला घरी धाडलीत, बाई. लई उपकार झाले.’’

मी कागद-पेन्सिल पिशवीत टाकली आणि निघाले. भाभी मला साकवापर्यंत पोचवायला आल्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘बाई, टेपातला मानूस घरात नसतो. मी सांगितलं व्हतं तुमाला.’’ मला त्यांचाही राग आला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला ज्याचा राग आला नाही असं कोणी उरलं नव्हतं. त्या मुलीच्या आईचा, जिला मी रागावू शकत नव्हते. साहेबांचा. त्या डब्याचा. टेपात इतक्या शहाण्यासारख्या बोलणाऱ्या त्या मास्तरणीचा.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, की यापुढे कॅसेट नाही, आणि आधी दिलेल्या सगळ्या परत मागवल्या. कॅसेट नसली तर शाळेत यावंच लागेल, असा माझा हिशेब. गुरुजी हात जोडून म्हणाले, ‘‘बाई, उपक्रम जिल्ह्याच्या स्पर्धेत गेलाय, एवढा मार्च काढा.’’ मी नाही काढला. कॅसेट आल्या, डब्यात ओळीने लावून, पुसून स्वच्छ केलेल्या. ती मात्र आली नाही. मी दोनदा गेले, तीनदा गेले. टेप गप्प होता आणि टोले चालू होते. परीक्षेच्या दिवशी मी तिचं प्रवेशपत्र घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभी राहिले, पहिली गाडी गेली, नंतरचीही गेली. पुढच्या पावसाळ्यात साकव नेहमीप्रमाणे वाहून गेला, तोवर तिला रत्नागिरीला मावशीकडे पाठवलं होतं. मावशी कोळंबीच्या शेडमध्ये सोलायला जायची. ‘‘तिथं शाला हाय जवल,’’ आई म्हणाली. असेलही.

मला खात्याकडून पत्र आलं, तालुक्याने गौरवलेला उपक्रम बंद का पडला याचा खुलासा करावा. मी एका ओळीचा खुलासा पाठवला, की साकव बांधा. पुढच्याच खेपेला माझी राजापूरकडे बदली झाली.

लोक म्हणतात, बाई, तुमचा काय दोष? मलाही दोष वाटत नाही. मला अजून राग येतो, आणि तो वयाबरोबर कमी होईल असं जे सांगतात त्यांना माझं वय माहीत नाही. दहाएक वर्षांनी आम्हाला रत्नागिरीला प्रशिक्षणाला बोलावलं. शाळांना संगणक आले होते, तेही बऱ्याच ठिकाणी अभ्र्यात. पुण्याहून आलेला एक गोड तरुण सांगत होता, की शिक्षकांनी आपले धडे आवाजात भरून नेटवर ठेवायचे, त्याला पॉडकास्ट म्हणतात, मुलं घरबसल्या कामं करता करतासुद्धा शिकतील. ‘‘हात मोकळे नसले तरी कान मोकळे असतात,’’ तो म्हणाला. सगळ्यांनी वाक्य टिपून घेतलं. मी उठून विचारलं, ‘‘आणि हात कधी मोकळे होणार, ते कुठे ठेवलंय?’’ त्याला कळलं नाही. शेजारच्या बाईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

संध्याकाळी स्टँडवर आले. चौकशीच्या खिडकीशी राजापूर गाडीचं विचारत होते, आतले साहेब ऐकू न आल्यासारखं करत होते, म्हणून जरा मोठ्यानेच बोलले. मागून कोणी म्हणालं, ‘‘बाई?’’

वळले. कडेवर तापाने मलूल झालेलं मूल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. बोटांची कातडी बर्फातल्या कामाने पांढरी, सुरकुतलेली. मी तिला ओळखलं नाही. ती हसली तेव्हा ओळखलं.

‘‘तोंडावरनं नसतं वलखलं तुमाला,’’ ती म्हणाली. ‘‘पाठ व्हती ना तुमची. आवाज ऐकला नि वलखला.’’ मग तिथेच, त्या गर्दीत, मुलाला सावरत तिने माझा आवाज काढला. ‘‘आता वह्या उघडा.’’ खोकली. ‘‘लिहा.’’ आणि खळखळून हसली. मीही हसले. तिने सगळं सांगितलं, नवरा बर्फाच्या गाडीवर आहे, मुलाचा ताप उतरत नाही, म्हणून आईकडे न्यायचाय. माझा खोकला बरा झाला का, तेही तिने विचारलं.

तेवढ्यात फलाटाला एक गाडी लागली. माणसं धावली. तीही दोन पावलं पुढे गेली, थांबली, आणि मला विचारलं, ‘‘बाई, ही कंची गाडी ओ?’’

पाटी समोरच होती. मोठ्या अक्षरांत, मराठीत, आमच्यापासून हातभर अंतरावर. मला वाटलं गर्दीत तिला दिसली नसेल. मी म्हटलं, ‘‘अगं, वाच की.’’

तिने पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मुलाचं टोपडं नीट करत म्हणाली, ‘‘दिसतात अक्षरं. लागत नायत आता.’’

मी पाटी मोठ्याने वाचली. ‘‘पावस.’’

‘‘पावस,’’ ती माझ्यामागून म्हणाली, आणि गाडीत चढली.